चापाचं वजन : गोदाकाठापासून पैनगंगेपर्यंत

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं श्रद्धेनं जपलेली आहेत. सोन्याची कट्यार, रत्नजडित पोलादी ढाल, दोन धनुष्यं, ३५ बाणांचा भाता, सोन्याच्या ५ तलवारी आणि त्यांच्या जोडीला एक तोड्याची बंदूक. १७०८ साली गुरुजी बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले, गोदावरीकाठी नांदेडला मुक्कामी राहिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इथंच ज्योतिज्योत समावले. नांदेडजवळच शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. गुरुजींनी या ठिकाणी एका सशाची शिकार करून त्याच्या रूपातल्या भाई मूला खत्रीला मुक्ती दिली, अशी शीख परंपरा सांगते. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात बंदूक आणि शिकार या दोन गोष्टींची आठवण अशी देवस्थानाइतकी जुनी आहे.

त्यानंतरच्या ३०० वर्षांत इथली बंदूक पार बदलली. सरदारांच्या फौजेतून ती गढीवर आली, गढीवरून ज्वारीच्या माळ्यावर चढली, निजामाच्या शिकारी छावण्यांत मिरवली आणि शेवटी परवान्याच्या पुस्तकात बंद झाली. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला सोडवावा लागला : बोटानं किती जोर लावला की बार उडावा? चाप फार हलका असेल तर नको त्या वेळी गोळी सुटते आणि माणूस जातो. फार जड असेल तर बोटाच्या ओढीनं नळी हलते, गोळी भलतीकडे लागते आणि जखमी जनावर झुडपात जाऊन तडफडत मरतं. शिकारी बंदुकीची जात, तिची किंमत, तिची नक्षी यांवर गावोगाव गप्पा रंगल्या. चापाबद्दल कुणी फारसं बोललं नाही, पण जिवाशी गाठ होती ती चापाचीच.

तोड्याच्या बंदुकीत हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला होता. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती पेटवली की विझत नाही, नुसती धुमसत राहते. बंदुकीच्या दस्त्याला उभी चीर पाडलेली असते आणि तिच्यातून एक वाकडी लोखंडी पट्टी वर डोकावते. त्या पट्टीच्या तोंडात तोड्याचं जळतं टोक धरलेलं. खाली चापाची पट्टी, आणि दोन्हींना जोडणारी एक साधी दांडी. बोट मागं सरकलं की तोडा पुढं झुकतो, बोट थांबलं की तोडाही थांबतो, बोट सोडलं की तो परत वर येतो. दाबून धरलेली ताकद खटकन मोकळी होण्याचा प्रकार या हिंदुस्थानी रचनेत नव्हताच. त्यामुळं चापाचं वजन जेमतेम असलं तरी चालायचं. चापाला लांबलचक ओढ लागायची आणि त्या लांबीतच सगळी सुरक्षितता होती. शिकाऱ्याला अर्ध्या वाटेवर विचार बदलता यायचा.

बाकीची खबरदारी हाताची होती. नळीच्या बुडाशी बाजूला रंजकाचा, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूचा, छोटा प्याला असे आणि त्यावर सरकतं झाकण. नेम धरेपर्यंत झाकण बंद ठेवायचं, तोड्याचं टोक प्याल्यापासून दूर ठेवायचं, टोकावरची राख फुंकायची आणि मगच झाकण सरकवायचं. चाप ओढल्यावर आधी प्याल्यातलं रंजक भपकन पेटे, मग नळीच्या कानातून, म्हणजे बुडाजवळच्या बारीक भोकातून, आग आत शिरे आणि मग बार उडे. तेवढ्या वेळात काळवीट उडी मारून मोकळं होई. म्हणून तोड्याची बंदूक चालवणाऱ्याचा खरा कस चाप ओढल्यानंतर लागायचा, कारण धूर डोळ्यांपुढं आला तरी नळी जागची हलू द्यायची नसे.

जपानमध्ये हीच बंदूक वेगळ्या वळणानं गेली. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर जी बंदूक पोचली तिच्यात स्प्रिंग होती. चाप दाबताच तोडा झटक्यात प्याल्यावर आपटायचा. त्या बंदुकीचं मूळ गोव्याच्या पोर्तुगीज शस्त्रशाळांकडे जातं, असं अनेक अभ्यासक मानतात. दख्खनच्या कारागिरांनी मात्र शतकानुशतकं बोटाबरोबर चालणारी साधी दांडीच पसंत केली. ती बनवायला सोपी, दुरुस्तीला गावचा लोहार पुरेसा, आणि घोड्यावर किंवा बैलगाडीत हिंदकळली तरी आपोआप उडण्याची भीती कमी.

दारूही इथल्याच मातीतली. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणात कोळसा हलक्या लाकडाचा लागतो आणि हिंदुस्थानात त्यासाठी तुरीच्या काड्यांच्या कोळशाला मान होता. आज तुरीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या लातूरच्या शिवारात अशा तुराट्यांना तोटा नव्हता.

चापाला खऱ्या अर्थानं वजन आलं ते चकमकीच्या बंदुकीबरोबर. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरनं या बंदुकीची ताकद फार जवळून पाहिली. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेनं निजामाला उदगीर-औशाच्या टापूत कोंडलं. त्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफखाना मराठ्यांच्या बाजूनं होता. गारदी रांगेत उभे राहून हुकमासरशी एकदम बार काढत. पुढं झालेल्या तहात दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी ठिकाणं निजामाला सोडावी लागली. पानिपताच्या आदल्या वर्षी मिळवलेला हा विजय मराठवाड्याच्या भूमीवरचा आहे, आणि बंदुकीच्या इतिहासात त्याचं स्थान मोठं आहे.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटी असते. घोडा मागं ओढला की आतली जाड स्प्रिंग ताणली जाते. घोड्याच्या बुडाशी एक चकती असते, तिला दोन खाचा. पहिली खाच खोल, दुसरी उथळ. खटक्याचं टोक खोल खाचेत बसलं की ‘अर्धा घोडा’ : या अवस्थेत चाप ओढूनही बार उडू नये. घोडा आणखी मागं नेला की टोक उथळ खाचेत येतं. आता चाप ओढला की टोक खाचेतून निसटतं, घोडा आपटतो, ठिणगी पडते. हे टोक खाचेतून सरकवायला बोटाला जेवढा जोर लागतो तेच चापाचं वजन. खाच खोल आणि स्प्रिंग कडक असेल तर जोर जास्त, खाच घासून उथळ केली तर जोर कमी. पुढच्या सगळ्या बंदुकांचं मर्म या नखाएवढ्या जागेत आहे.

पलटणीच्या बंदुकीचा चाप मुद्दाम जड ठेवत. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत एकाचं बोट चुकून लागलं तर शेजारचाच पडायचा. शिवाय गारद्याला एका माणसावर नेम धरायचा नव्हता, समोरच्या घोळक्यावर गोळ्यांचा मारा करायचा होता. शिकाऱ्याची गरज याच्या उलट. त्याला एकच गोळी, एकाच जागी, खांद्यामागच्या वितीएवढ्या भागात लावायची असते. युरोपातल्या जर्मन शिकाऱ्यांनी त्यासाठी दुहेरी चाप काढला : एक ओढून यंत्र ‘लावून’ ठेवायचं, मग दुसऱ्याला नुसता स्पर्श पुरतो. एका जागी बसून, बंदूक टेकवून नेम धरणाऱ्याला तो सोयीचा. हाकाऱ्यांच्या गलक्यात, जनावर धावत समोर येत असताना असा चाप हाती असणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

मराठवाड्याच्या बहुसंख्य शिकाऱ्यांच्या हाती यांतलं काहीच नव्हतं, हेही इथं सांगायला हवं. या मुलखातले सर्वांत कसलेले शिकारी म्हणजे फासेपारधी. त्यांचं सारं कौशल्य फाशांत होतं. कातड्या-तातींचे फास जमिनीत रोवायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं हरणांच्या कळपाजवळ जायचं आणि कळपाला हळूहळू फाशांकडे वळवायचं. त्यांना जनावराची चाल, वारा आणि पाणवठा यांचं जे ज्ञान होतं ते बंदूकवाल्या साहेबांनीही वापरलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा भटक्या जमातींच्या कपाळी जो शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली गेल्यावरही पारध्यांच्या मागून हटलेला नाही. शिकारीच्या इतिहासात राजेरजवाड्यांची छायाचित्रं आहेत, पारध्यांची नावं नाहीत, ही खंत बाळगायलाच हवी.

ती छायाचित्रं बव्हंशी हैदराबादची. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची कारकीर्द १८६९ ते १९११. वाघाच्या शिकारीचा आणि अचूक नेमाचा त्यांचा लौकिक मोठा होता. राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यानं त्या शिकारी छावण्या टिपल्या. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि त्या फौजेतले इंग्रज अधिकारी सुटी मिळाली की जंगल गाठत. याच फौजेत चाकरी केलेले आर. जी. बर्टन यांनी दख्खनमधल्या शिकारीवर १९२८ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, अलीकडे माहूर-किनवटचं सागवानी रान. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता.

या शिकाऱ्यांच्या हाती दुनळी रायफल असे. दोन नळ्या, दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. इंग्रज बंदूक-कारागीर पुढचा चाप साधारण साडेतीन ते चार पौंडांवर, म्हणजे सुमारे १.६ ते १.८ किलोवर ठेवत आणि मागचा त्याहून थोडा जड. त्यामागं अनुभव होता. मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला बसला की बोट आपसूक आवळतं. मागचा चाप हलका असेल तर त्या धक्क्यातच दुसरी नळीही सुटते. तसं झालं तर खांदा निखळण्याची वेळ येते, आणि जखमी वाघ समोर असताना बंदूक रिकामी होते. म्हणून साहेबांच्या ताडपत्री तंबूत रात्री बंदुका पुसल्या जात तेव्हा नळीतल्या काजळीइतकंच लक्ष कुलपाकडे, म्हणजे घोडा-खटक्याच्या यंत्राकडे द्यावं लागे. काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की तिचा लेप होतो. मग चाप आज जड, उद्या हलका असा वागू लागतो.

गढीवरच्या आणि शेतातल्या बंदुकीची गोष्ट साधी. टोपीची, ठासणीची एकनळी. नळीत दारू ओतायची, चिंधी घालायची, गजानं ठासायची, वरून छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासणी. शेवटी निपलावर घोड्याच्या ठोक्यानं पेटणारी टोपी. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर रात्र काढायची. दिवसा पाखरांना गोफण, रात्री डुकरांना बंदूक. जनावर आलंच नाही तर भरलेला बार काढणं जिकिरीचं, म्हणून बंदूक तशीच भरलेली राहायची. आधाराला होता तो फक्त अर्धा घोडा. वर्षानुवर्षं वापरून खाचेची कड झिजली की तो आधारही जातो. मग चाप न ओढताही, नुसत्या हिसक्यानं घोडा खाली येतो. माळ्यावरून उतरताना बंदूक नळीकडून धरून खाली ओढणाऱ्याचा त्यात जीव जातो. अशा बंदुकीचा चाप जड असणं हीच तिची सोय. दहा-पंधरा पावलांवरच्या रानडुकरावर छर्रे मारायला नाजूक चाप लागत नाही. पौष-माघाच्या थंडीत पहाटे बोटं बधिर होतात, चापाचा स्पर्शही कळेनासा होतो. त्या बोटांना दोन-अडीच किलोंचा चाप मानवतो.

विसाव्या शतकात सगळ्यांच्या ओळखीची झाली ती ली-एनफिल्ड. तिच्या चापाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट तीन-चार पौंडांच्या जोरानं मागं येतं आणि एका ठिकाणी अडतं. इथं शिपायाला कळतं की आता गोळी सुटण्याच्या उंबरठ्यावर आहे. पुढचा जोर लावला, पाच-सहा पौंडांपर्यंत, की गोळी सुटते. घाईतल्या, घाबरलेल्या, थकलेल्या माणसाला ही रचना सावध करते. तिचं पॉइंट ३०३ चं लष्करी काडतूस नागरिकांना बंद होतं. त्यामुळं बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यानं त्याच रचनेवर पॉइंट ३१५ ची शिकारी रायफल बनवली. देशातल्या हजारो परवानाधारकांची पहिली रायफल हीच, आणि तिच्या चापाला लष्करी बाज आहे. तो हलका करून घेण्याची हौस पुष्कळांना असते. खाच घासली की पाऊण किलोवर येतो, नेमही बरा लागतो, आणि एखाद्या दिवशी बोल्ट जोरात पुढं लोटताच गोळी सुटते.

जगातल्या अनुभवी शिकाऱ्यांचं आणि कारखान्यांचं एकमत आता साधारण एका पट्ट्यात स्थिरावलं आहे. रानात फिरून वापरायच्या रायफलीला दीड ते दोन किलोंचा चाप. बंदुकीचं स्वतःचं वजन साडेतीन-चार किलो असतं, तिच्या निम्म्याच्या आतबाहेर चाप असला की तिला न हलवता तो ओढता येतो. आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुटण्याची सफाई. दोन किलोंचा पण काच तुटल्यासारखा स्वच्छ सुटणारा चाप, दीड किलोंच्या खरखरत सरकणाऱ्या चापापेक्षा हाताला हलका वाटतो. अमेरिकेत रेमिंग्टन ७०० या लोकप्रिय रायफलीच्या चापावरून वर्षानुवर्षं खटले चालले. बोट न लावता गोळी सुटते, अशा तक्रारी होत्या. कंपनीनं दोष मान्य केला नाही, तरी २०१४ साली लाखो रायफलींचे चाप बदलून देण्याचा तोडगा निघाला. त्याआधी, २००२ मध्ये, सॅव्हेज कंपनीनं चापाच्या मधोमध एक पातळ पातं बसवलं. ते पातं दाबल्याशिवाय खटका मोकळाच होत नाही, त्यामुळं चाप हलका ठेवूनही धोका कमी राहतो.

आपल्याकडे शिकारीचा शेवट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. हैदराबादच्या छायाचित्रांत रांगेनं मांडलेले वाघ पाहिले की का, हे कळतं. काळवीट तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बंदूक मात्र शेतात राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. आज हरभरा, भुईमूग, ऊस उकरणारी रानडुकरं आणि रोही हा नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याचा रोजचा घोर आहे. वन विभागाची परवानगी घेऊन, परवानाधारक माणसाकडून त्यांचा बंदोबस्त करण्याची वाट कायद्यात आहे. ती लांबची वाटते म्हणून कुंपणात चोरून वीज सोडली जाते आणि त्या तारेला चिकटून रानडुकराबरोबर शेजारचा शेतकरी, कधी घरचंच माणूस मरतं. तारेला चाप नसतो, अर्धा घोडा नसतो, अर्ध्या वाटेवर विचार बदलण्याची सोय नसते. परवान्याची, तपासलेली, जाणत्या हातातली बंदूक त्या तारेपेक्षा किती तरी बरी.

चाप मोजणं अवघडही नाही. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते रोज घडतं. पिस्तूल रिकामं करून नळी आकाशाकडे उभी धरायची, चापाच्या मध्यावर ठरावीक वजन अडकवायचं आणि ते सपाट जागेवरून अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही तर शस्त्र पास. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम, ३०० मीटरच्या स्टँडर्ड रायफलीला १५०० ग्रॅम. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते याच १००० ग्रॅमच्या नियमात राहून. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांच्या प्रकारात किमान वजनाची अट नाही, पण तिथं गोळी भरली जाते ती नळी लक्ष्याकडे रोखलेली असतानाच, पंचांच्या नजरेसमोर. ज्वारीच्या ताटांतून अंधारात चालणाऱ्या माणसाला त्या हलक्या चापाचा मोह पडू नये.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आवश्यक केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, त्याचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा यांची नोंद असते. चापाच्या वजनासाठी रकाना नाही. तो असायला हवा. नूतनीकरणाच्या दिवशी बंदूक रिकामी करून एक स्प्रिंगकाटा चापाला अडकवायचा, तीनदा ओढून सरासरी लिहायची, अर्धा घोडा धरतो की नाही ते पाहायचं. दीड किलोच्या खाली आलेली किंवा अर्ध्या घोड्यावर निसटणारी बंदूक दुरुस्तीला पाठवायची. एका बंदुकीमागं पाच मिनिटांचं काम आहे, आणि नांदेड-लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांना ते पुढच्या नूतनीकरणापासूनही सुरू करता येईल.